बट नंबर १७

रायफलीला नाव नव्हतं. दस्त्यावर पिवळ्या ऑइलपेंटने १७ लिहिलेलं, त्यातला एक झिजून गेलेला. लांबून ती ७ नंबरची वाटे. त्यावरून आमच्या बॅचमध्ये दोघांची जुंपलीही होती, कारण ७ नंबरची रायफल उजवीकडे मारते आणि १७ नंबरची सरळ, अशी वदंता होती. वर्षाला पाच गोळ्या झाडणाऱ्या पोरांनी रायफलीचा स्वभाव ओळखणं म्हणजे एका जेवणावर घराण्याची पारख करणं. पण तेव्हा ते आम्हाला वेदवाक्य होतं. मला १७ मिळाली तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "नशीब बे तुह्यं."

डिसेंबर १९८७, सकाळचे साडेसात. यवतमाळ पठारावर वसलेलं, त्यामुळे थंडी खालच्या वर्ध्यापेक्षा दोन बोटं जास्तच. गावाबाहेरच्या टेकडीच्या पोटाशी मुरमाचा बांध घालून केलेली रेंज, बांधावर रोवलेली लाल झेंडी आणि खाली कुसळी गवतात उकिडवे बसलेले आम्ही चाळीस कॅडेट. एनसीसीचं दुसरं वर्ष. पहिलं वर्ष सावधान-विश्राम करण्यात आणि बुटांना पॉलिश मारण्यात गेलेलं. बंदूक हाताळायला मिळते म्हणून एनसीसी घेतली, हे आमच्यापैकी कुणी अर्जात लिहिलं नव्हतं. तिथे सगळ्यांनी देशसेवा लिहिली होती.

तिला सगळे 'पॉइंट टू टू' म्हणत. आम्हाला शिकवणाऱ्या उस्तादांनी वहीत उतरवून दिलेला मजकूर मला अजून पाठ आहे. लांबी ४३ इंच, वजन ६ पाउंड २ औंस, मॅगझिनमध्ये ५ राउंड, इफेक्टिव्ह रेंज २५ यार्ड, मझल व्हेलॉसिटी २७०० फूट प्रतिसेकंद. त्याखाली चांगल्या फायरिंगचे तीन उसूल: मजबूत पकड, दुरुस्त शिस्त, दुरुस्त ट्रिगर ऑपरेशन. फौजी हिंदीत शिस्त म्हणजे नेम. मराठी पोराला हे कळायला वेळ लागतो. 'शिस्त लो' असा हुकूम आल्यावर आमच्यातल्या एकाने झोपल्या झोपल्या टाचा जुळवल्या होत्या.

"लेट कर पोजिशन!" आम्ही तिरपालावर पालथे पडलो. खालचा मुरूम कोपरांना टोचत होता. रायफल खांद्याला लावली आणि गाल लाकडाला टेकवला. ती जागा मला आजही बोटाने दाखवता येईल. बाकीचा दस्ता खरबरीत, व्हार्निश उडालेला, पण गाल टेकतो तेवढी चार बोटं जागा गुळगुळीत, काळपट, जुन्या उंबरठ्यासारखी. माझ्या आधी किती वर्षं, किती पोरांनी तिथे गाल टेकवले असतील त्या सगळ्यांच्या घामाचं ते पॉलिश होतं. बोल्टचं लोखंड थंडीने गार पडलेलं. वास तेलाचा, जुन्या चिंध्यांचा आणि थोडा रॉकेलचा.

मग चाप ओढला, आणि आवाज झाला 'टप्'. धाड नाही, ठो नाही. हिंदी सिनेमांतल्या बंदुका ऐकून गेलेल्या आम्हाला तो आवाज म्हणजे पाहुण्यांनी दारावरूनच परत जावं तसा वाटला. खांद्याला धक्काही नाही. मी मान वर करून पाहिलं की गोळी गेली की नाही. त्याबरोबर पाठीत उस्तादांच्या छडीचं टोक बसलं. "सर नीचे! गोली गई. तू भी जाएगा क्या पीछे?"

पाच गोळ्यांना दीड-दोन मिनिटं लागली असतील. टार्गेटचा कागद आणला तेव्हा त्यावर तीन भोकं होती. उस्तादांनी तो आधी माझ्यासमोर धरला, मग उजेडात धरला आणि विचारलं, "दो कहाँ गए? छुट्टी पर?"

तो कागद घरी नेऊ दिला. आईने तो काही दिवस शेजारणींना दाखवला आणि नंतर पापडांच्या डब्यात तळाशी घातला. जाड होता, तेल धरत नव्हता.

०००

तो 'टप्' समजायला दिवाळीतल्या टिकलीपासून सुरुवात करतो. लाल कागदाची टिकली ओट्यावर ठेवून बत्त्याने हाणली की फुटते, कारण तिच्यातल्या मिश्रणाला ठिणगी लागत नाही, मार पुरतो. बंदुकीच्या काडतुसात असतं तेही याच जातीचं. मोठ्या काडतुसाच्या बुडाशी मधोमध एक वेगळी टोपी बसवलेली असते, घोड्याची सुई तिच्यावर आदळते. काडतूस रिकामं झालं की जुनी टोपी काढून नवी बसवता येते, परत दारू भरता येते. पॉइंट टू टूच्या काडतुसाला ती टोपीच नाही. त्याच्या बुडाला थाळीच्या काठासारखी एक पोकळ कड असते आणि टिकलीचं मिश्रण त्या कडेत आतून सारवलेलं असतं. सुई मध्ये न मारता कडेला मारते, कड चेपते आणि मिश्रण पेटतं. म्हणून ती रिमफायर. कड चेपली जायची तर पितळ पातळ हवं, आणि पातळ पितळ फार दाब सोसत नाही. म्हणून काडतूस लहान, ताकद बेताची, किंमत कमी, आणि एकदा उडालं की संपलं, परत भरणं नाही.

गोळीचं वजन अडीच ग्रॅमच्या आसपास. जाडी इंचाचे बावीस शतांश, म्हणजे साडेपाच मिलिमीटरच्या जरा वर, हरभऱ्याहून लहान. आणि वेग? आमच्या वहीतला २७०० फूट हा आकडा मी वीस-पंचवीस वर्षं खरा मानत होतो, एका पैजेत तो ठोकून जिंकलोही होतो. साध्या .२२ गोळीचा खरा वेग १००० ते १२०० फुटांच्या घरात असतो. २७०० हा मोठ्या लष्करी रायफलीच्या पंगतीतला आकडा. तो आमच्या वहीत कुठून आला कोण जाणे. एकाच्या वहीतून दुसऱ्याच्या वहीत उतरत तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला असावा.

या नाजूक काडतुसाचा मूळपुरुष पॅरिसचा. लुई-निकोला फ्लोबेर नावाच्या कारागिराने १८४५ मध्ये बंदुकीच्या पेटत्या टोपीतच एक छोटी गोळी बसवली. वेगळी दारू नाहीच. दिवाणखान्यात बसून नेमबाजीची हौस भागवायची एवढाच त्याचा उपयोग. १८५७ मध्ये अमेरिकेत स्मिथ अँड वेसनने त्याच वळणाचं काडतूस आपल्या रिव्हॉल्व्हरसाठी काढलं आणि १८८७ मध्ये स्टीव्हन्स कंपनीने आजचं 'लाँग रायफल' आणलं. जगात आज सर्वांत जास्त झाडली जाणारी गोळी ती हीच. योगायोग असा की त्याच १८८७ साली मद्रासच्या अधिवेशनात काँग्रेसने शस्त्र कायदा सैल करा असा ठराव केला होता. लॉर्ड लिटनच्या १८७८च्या कायद्याने हिंदी माणसाच्या घरातली बंदूक परवान्याला बांधली होती, आणि गोऱ्याला मात्र त्यातून सूट होती. माझी पाच गोळ्यांची सकाळ त्या ठरावानंतर बरोबर शंभर वर्षांनी उजाडली.

२५ यार्डांचाही इतिहास आहे. १८९९ ते १९०२च्या युद्धात दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर शेतकऱ्यांनी ब्रिटिश फौजेला नेमबाजीत पाणी पाजलं. लंडनच्या कारकुनाला बंदूक धरता येत नाही याची विलायतेत फार चर्चा झाली. लॉर्ड रॉबर्ट्सने पुढाकार घेतला, १९०१ मध्ये लहान रायफलींच्या क्लबांची संस्था निघाली आणि चर्चचे हॉल, शाळांची आवारं, गिरण्यांच्या मागच्या बोळी इथे माणसं .२२ने निशाणे मारू लागली. मोठी गोळी महाग आणि तिला मैलभर मोकळं रान लागतं. हिला पंचवीस यार्ड आणि मागे मातीचा ढीग पुरतो. टेकडीखालची आमची रेंज म्हणजे त्याच बोळीची वऱ्हाडी आवृत्ती.

०००

अमेरिकेत बाप मुलाला वाढदिवसाला .२२ देतो, मुलगा ती नातवाला देतो. तिच्यावर तिकडे माणसं जीव लावून लिहितात: आजोबांची रायफल, पहिला ससा, दस्त्यावर कोरलेली अक्षरं. आपल्याकडे एनसीसीतून गेलेल्या हजारो माणसांच्या आठवणीत एक रायफल आहे, पण ती त्यांची कधीच नव्हती. ती कोतची. कोत म्हणजे फौजी भाषेत शस्त्रागार. सकाळी सही करून बाहेर काढायची, दुपारी चिंदी मारून आत ठेवायची. मधल्या चार तासांत तुमच्या वाट्याला दीड मिनिट.

एनसीसी आली १९४८च्या कायद्याने, हृदयनाथ कुंझरू समितीच्या शिफारशीवरून. चीनशी युद्ध झाल्यावर १९६३ मध्ये ती महाविद्यालयांत सक्तीची झाली, १९६८ पर्यंत तशी राहिली. त्या पाच वर्षांत शिकलेला माणूस शोधायला यवतमाळात लांब जावं लागत नाही. माझे काका त्यातले. आयुष्यभर कापसाच्या दलालीत गेलेला हा माणूस, पण चहा पिता पिता विषय निघाला की डावा डोळा आपोआप मिटायचा आणि बशीच्या काठावरून भिंतीवरच्या कॅलेंडरावर शिस्त लागायची.

कायद्यानेही या रायफलीला वेगळा पाट मांडलेला आहे. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या १३व्या कलमात परवाना कुणाला आणि कशासाठी द्यायचा ते येतं. तिथे शेतकऱ्याला पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक, आणि लगेच खाली मान्यताप्राप्त रायफल क्लबाच्या सभासदाला निशाणेबाजीसाठी पॉइंट टू टू किंवा एअर रायफल, अशा दोन ओळी शेजारी शेजारी नांदतात. एवढ्या रूक्ष कायद्यात एका रायफलीचं नाव घेतलेलं पाहून मला बरं वाटलं होतं. गावच्या पत्रिकेत आपल्या ओळखीच्याचं नाव छापून यावं तसं.

तरी जिल्ह्यात घरच्या मालकीची .२२ अगदीच नव्हती असं नाही. दारव्ह्याकडच्या एका वाड्यात मी अशी एक पाहिली. मालक चौऱ्याऐंशी वर्षांचे, नाव छापायचं नाही या अटीवर त्यांनी कपाट उघडलं. रायफल चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनोची, साठच्या दशकात मुंबईहून आणलेली. ती आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली होती. "फ्लॅनेलपरीस लुगडं तेल चांगलं धरते," ते म्हणाले. तेल शिलाई मशीनचं. त्यांनी लुगड्याची एकेक घडी सोडवली, बोल्ट काढून माझ्या हातात दिला आणि नळी खिडकीकडे धरून आत बघायला लावलं. आत आट्यांची चकाकी अशी फिरत गेली होती की साठ वर्षांचं लोखंड आहे यावर विश्वास बसेना. पुढे परदेशी शस्त्रांच्या खासगी आयातीवर बंधनं आली आणि या जुन्या रायफलींना सोन्याचा भाव आला. त्यांना विचारणारे येऊन गेले. "पोरगी मागाले यावं तसे येतेत," म्हणाले. दिली नाही.

तिने काय काय टिपलं हे विचारल्यावर मला वाटलं होतं बिबट्या तरी निघेल. निघाले तितर, लाव्हे आणि एक ससा, आणि तोही शेवटी लागला नव्हता. १९७१ साली. दुसऱ्या वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा आला. लहान शिकारीचे परवाने त्यानंतरही काही काळ होते, ते १९९१च्या दुरुस्तीने संपले, पण यांनी शिकार सोडली ती कायद्याने नाही, भूतदयेनेही नाही. "टोटे महाग झाले होते."

खरा छळ निवडणुकांचा. आचारसंहिता लागली की परवान्याची शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करायची. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद. रायफल प्रत्येक वेळी लुगड्यात बांधून जाते आणि निकाल लागल्यावर परत येते. एकदा परत आली तेव्हा खांद्याला अडकवायचा पट्टा गायब होता. कोणत्या ठाण्यात, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पट्टा चामड्याचा, अमरावतीहून शिवून आणलेला होता. रायफलीबद्दल बोलताना त्यांचा आवाज सपाट होता. पट्ट्याबद्दल बोलताना चढला.

लहान बंदूक आणि टिपलेलं पाखरू म्हटलं की मला सलीम अलींची आठवण येते. मुंबईत लहानपणी मामांनी दिलेल्या एअरगनने त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी ती ओळखण्यासाठी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्डसाहेबांकडे पाठवलं. १९०८ सालची ही गोष्ट. भारताचा पक्षिशास्त्रज्ञ त्या छर्ऱ्यातून जन्मला, आणि आत्मचरित्राच्या नावातही त्याने त्या पडलेल्या चिमणीला जागा दिली. ती बंदूक रिमफायर नव्हती हे मान्य. पण मुलाच्या हाती लहान बंदूक पडल्यावर पुढे नेमकं काय होईल हे सांगता येत नाही, एवढ्यापुरता हा दाखला.

०००

घाटंजीच्या बाजूला रात्री जागलीवर गेलो होतो. मळ्याच्या चार बल्ल्यांवर घातलेल्या माचणीवर शेतकरी, त्याचा मुलगा आणि मी. खाली तूर आणि हरभरा. रानडुकरांची टोळी एका रात्रीत एकराचं नांगरून ठेवते, आणि रोही नांगरत नाही, उभ्या उभ्या शेंडे खुडत जाते. ज्वारी पेरणं या भागात कित्येकांनी सोडलं ते या पाहुण्यांमुळेच. मी पॉइंट टू टूचा विषय काढला. त्या माणसाने बॅटरी खाली केली आणि माझ्याकडे दया आल्यासारखं पाहिलं.

"त्यानं डुकराच्या पाठीले खाज सुटन, भाऊ."

बरोबर आहे. अडीच ग्रॅमची शिशाची गोळी दोन-अडीच मणाच्या जनावराला मारत नाही, जखमी करते, आणि जखमी डुक्कर काय करतं हे या भागात सांगावं लागत नाही. पिकाच्या राखणीला कायद्याने ठासणीची सांगितली, तीही आता फारशी कुणाकडे दिसत नाही. परवाना काढायच्या फेऱ्या, वर्षानुवर्षांचं नूतनीकरण. माचणीवर होतं ते असं: एक पत्र्याचा डबा, फटाक्यांची लड, झटका मशीनची बॅटरी आणि पीव्हीसी पाइपला लायटर बसवून केलेली कार्बाइडची बंदूक. पाइपात कार्बाइड, वर थोडं पाणी, वायू साठला की खटका. आवाज असा की माझ्या १७ नंबरने आयुष्यभरात केला नसेल. याच पाइपांनी २०२५च्या दिवाळीत भोपाळकडे पोरांचे डोळे गेले. शेतात डुकरांसाठी केलेली जुगाड बाजारात खेळणं म्हणून विकली गेली. इथल्या मुलालाही ती उडवायची होती. बापाने दिली नाही. त्याने ते वाचलेलं नव्हतं, त्याची स्वतःची भुवई एकदा जळाली होती.

मध्यरात्रीनंतर कुणी बोलत नव्हतं. टिपेश्वरचं अभयारण्य इथून फार लांब नाही. १४८ चौरस किलोमीटरच्या त्या जंगलात वाघ मावेनासे झालेत, आणि जंगलाच्या हद्दीचे दगड वाघाला वाचता येत नाहीत. राळेगाव भागात १३ माणसं गेली आणि २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री बोराटीच्या जंगलात अवनी या वाघिणीवर गोळी झाडली गेली, तेव्हा सगळ्या देशाने यवतमाळचं नाव घेतलं. दिल्ली-मुंबईत मेणबत्त्या लागल्या. इथे काही गावांत फटाके उडाले. मी तेव्हा दोन्हीकडच्या बातम्या लिहिल्या आणि दोन्हीकडून शिव्या खाल्ल्या.

"आमाले बंदूक नाई पायजे," उतरताना शेतकरी म्हणाला. "झोप पायजे."

०००

नेमबाज मंडळी 'मावळंकर खेळून आलो' असं म्हणतात. नवख्याला वाटतं हे एखादं गाव असावं. मावळंकर म्हणजे लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव तथा दादासाहेब मावळंकर. १९५१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली, त्यामागे हा मराठी माणूस होता. राष्ट्रीय स्पर्धेआधीची चाळणी असलेली स्पर्धा आजही त्यांच्या नावाने होते. गांधीजींचा निकटचा सहकारी, खादी घालणारा, सभागृहात घंटा वाजवणारा हा गृहस्थ रायफल संघटनेच्या प्रमुखपदी कसा, असा प्रश्न मला पडला होता. १८८७चा तो ठराव आठवला की फारसा पडत नाही.

आम्ही टेकडीखाली पाचांत दोन चुकवत होतो, त्याच सुमारास दादरच्या कीर्ती महाविद्यालयातली एनसीसीची एक कॅडेट रायफलीकडे वळत होती. अंजली वेदपाठक, पुढे भागवत. रायफल हातात घेऊन जेमतेम काही दिवस झाले असताना तिने १९८८च्या राष्ट्रीय स्पर्धेत रौप्य मिळवलं. २००० साली सिडनी ऑलिंपिकची अंतिम फेरी, २००२ मध्ये जगात पहिला क्रमांक. तिचं गाजलेलं काम एअर रायफलीचं, पण पॉइंट टू टूचा खरा झेंडा लावला तो कोल्हापूरने. तेजस्विनी सावंतने ऑगस्ट २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये ६०० पैकी ५९७ गुण मारले. विश्वविक्रमाशी बरोबरी, आणि जागतिक स्पर्धेत सुवर्ण जिंकणारी पहिली भारतीय महिला नेमबाज. प्रोन म्हणजे पालथं पडून. म्हणजे आमची 'लेट कर पोजिशन'. त्या बातमीने मी आठवडाभर उगीच ताठ चालत होतो.

आणि १ ऑगस्ट २०२४. दुपारी बसस्थानकासमोरच्या टपरीवर मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस असलेला स्वप्निल कुसाळे, ऑलिंपिकसाठीच्या शातोरूच्या रेंजवर ५० मीटर थ्री पोझिशनची अंतिम फेरी मारत होता. गुडघ्यावर, मग पालथं, मग उभ्याने. शेवटच्या टप्प्यात एकेक नेमबाज गळत जातो. टपरीवरच्या कुणाला काही कळत नव्हतं, कारण हा खेळ दिसतच नाही. माणूस पुतळ्यासारखा उभा राहतो, टप् असा आवाज येतो, कोपऱ्यात आकडा उमटतो. मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला. पन्नास मीटरवर दहा गुणांचा जो गोल आहे त्याचा व्यास १०.४ मिलिमीटर, शर्टाच्या बटणाएवढा. त्यात साडेपाच मिलिमीटरची गोळी. उभ्याने. छातीत ठोका पडला की नळी हलते, म्हणून दोन ठोक्यांच्या मधे चाप ओढायचा.

"आन् तुमचा किती लागला होता?" चहावाला म्हणाला.

मी सांगितलं, पंचवीस यार्डांवर, पालथं पडून, पाचांतले दोन कागदालाही लागले नव्हते. टपरी हसली. तेवढ्यात ४५१.४ हा आकडा आला, कांस्य. या प्रकारात भारताला मिळालेलं पहिलं ऑलिंपिक पदक. चहावाल्याने त्या दिवशी माझ्याकडून पैसे घेतले नाहीत. माझा त्या पदकाशी संबंध काय, हे मलाही समजलं नाही आणि त्यालाही.

०००

आमचे उस्ताद मूळ साताऱ्याकडचे. सासुरवाडीमुळे निवृत्तीनंतर यवतमाळातच घर बांधून राहिले. अंगणात शेवग्याचं झाड, दारात बुटांची जोडी आजही एका रेषेत. ऐकू कमी येतं, आणि ते पॉइंट टू टूने नव्हे, थ्री नॉट थ्रीने, असं ते आवर्जून सांगतात. मी २७०० फुटांचा विषय काढला. खरा आकडा हजार-बाराशेचा आहे म्हणालो. त्यांनी चष्मा पुसला.

"गोळीला माहीत आहे ना तिचा वेग?"

"आहे."

"मग झालं. पेपरात सत्ताविसशेच लिहायचं. हजार लिहिणारे नापास झालेत."

मग मी जे सांगायला गेलो होतो ते सांगितलं. त्या सकाळी फायरिंग संपल्यावर खोके मोजले. चाळीस पोरं, प्रत्येकी पाच, दोनशे गोळ्या गेल्या तर दोनशे खोके परत यायला हवेत. आले एकशे नव्व्याण्णव. एक रिकामं खोकं, शेंगदाण्याएवढं पितळ, पण त्याच्याशिवाय कोतचा हिशेब जुळत नाही आणि हिशेब जुळल्याशिवाय गाडी हलत नाही. चाळीसच्या चाळीस जण गुडघ्यांवर बसून गवत विंचरत होतो. मोज्यांत कुसळं, तळव्यांना मुरूम. केळी आणि समोसे पेटीत तसेच गार होत होते. मीही शोधत होतो, मनापासून. माझी जर्सी थोरल्या भावाची, बाह्या लांब, दोन घड्या घालून वर दुमडलेल्या. घाम पुसायला बाही खाली केली तर घडीतून काहीतरी टुणकन मांडीवर पडलं. बोल्ट मागे ओढला तेव्हा उडालेलं माझंच पाचवं खोकं.

खरं सांगायची हिंमत झाली नाही. एकोणचाळीस पोरांनी मला तिथेच पुरलं असतं. मी ते मुठीत घेतलं, चार हात पुढे सरकलो आणि ओरडलो, "उस्ताद, मिल गया!" शाबासकी मिळाली. एक केळ जास्तीचं मिळालं. ते केळ मी खाल्लं, हेही सांगितलं.

उस्ताद बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं ऐकू आलं नसेल. परत मोठ्याने सांगू लागलो तर त्यांनी हात वर केला.

"माहीत होतं."

"कसं?"

"दव होतं त्या दिवशी. एकशे नव्व्याण्णव खोके ओले, सगळ्यांना तांबडी माती चिकटलेली. तू आणलेलं कोरडं. चकचकीत."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"दोनशे भरले होते," उस्ताद म्हणाले. "बारा वाजता कोत बंद होत होता."